नंबॅट आणि होला: चार पिल्लांचं आणि दोन अंड्यांचं गणित

कोल्हापूरला एम.एस्सी. प्राणिशास्त्र करणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: नंबॅट हा वाळवी खाणारा छोटा प्राणी आणि आपला साधा होला, दोघेही पश्चिम ऑस्ट्रेलियात राहतात. होला तिथला नव्हे, १८९८ मध्ये पर्थच्या प्राणिसंग्रहालयातून सोडलेल्या पक्ष्यांपासून वाढला. नंबॅट मात्र अस्सल तिथलाच. होल्याची मादी एका वेळी दोन अंडी घालते, नंबॅटच्या मादीला एका वेळी चार पिल्लं होतात. तरी होला गल्लोगल्ली दिसतो आणि साऱ्या जगात मोठे नंबॅट हजाराच्याही आत उरलेत, असं का? नंबॅट मुळातच दुबळा, काळाच्या मागे पडलेला प्राणी आहे का? आणि होल्यासारखे तेही पिंजऱ्यात वाढवून सोडून देता येणार नाहीत का?

मी मूळचा नगर जिल्ह्यातला. गेली वीसेक वर्षं पर्थला राहतो, आणि वन्यप्राण्यांच्या पाहण्या आणि मोजण्या हेच पोटापाण्याचं काम आहे. नंबॅट मी कामावर पाहतो, होला घरी. स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर बसून तो घुमायला लागला की आमच्या खळ्यावरची दुपार डोळ्यांपुढे उभी राहते, इतका तो आवाज तोच आहे. त्यामुळे या दोघांची तुलना कुणी मागितली तर मला मनापासून बोलावंसं वाटतं.

उत्तर आधी सांगून टाकतो. नंबॅट दुबळा नाही. आणि एका वेळी किती पिल्लं होतात यावरून कुठल्याच प्राण्याचं पुढे काय होणार ते कळत नाही. मोठी झालेली मादी वर्षभर जगते की नाही, हे पाहावं लागतं. पुढचं सगळं म्हणजे याच वाक्याचा खुलासा आहे.

एक दुरुस्तीही लगेच करतो. पर्थ शहरात नंबॅट दिसत नाही. त्याच्यासाठी आग्नेयेला दीड-पावणेदोनशे किलोमीटर जावं लागतं, ड्रायँड्रा नावाच्या जंगलात. २०२२ मध्ये ते राष्ट्रीय उद्यान झालं. अठ्ठावीस हजार हेक्टरच्या आसपासचं हे रान सलग नाही. गव्हाच्या शेतांच्या समुद्रात बेटं असावीत तसे त्याचे तुकडे पडलेत. तिथे जाताना वाटेतल्या गावांत धान्याची कोठारं लागतात. ट्रकमधून सांडलेला गहू रस्त्याकडेला पडलेला असतो आणि त्यावर होले चरत असतात. तिथून थोडं पुढे गेलं की नंबॅटचं राज्य सुरू होतं. एकाच दिवशी, एकाच रस्त्यावर दोघेही पाहायला मिळतात, म्हणून ही तुलना ओढूनताणून केलेली नाही.

ज्यांनी नंबॅट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. खारीपेक्षा बराच मोठा, मुंगसापेक्षा लहान, वजन अर्ध्या किलोच्या थोडं वर. पाठीचा पुढचा भाग विटकरी, मागे काळपट होत गेलेला, त्यावर पांढरे आडवे पट्टे. डोळ्यातून गेलेली काळी रेघ. शेपूट बाटली धुवायच्या ब्रशसारखी, घाबरला की आणखी फुललेली. ऑस्ट्रेलियातले बहुतेक शिशुधान, म्हणजे कांगारूच्या गटातले, प्राणी रात्री बाहेर पडतात, हा मात्र उन्हाचा प्राणी आहे. त्याच्या कुळात दुसरा कुणी नाही, तो एकटाच.

जुलै महिन्यातली, म्हणजे तिकडच्या ऐन हिवाळ्यातली, एक दुपार सांगतो. सकाळभर फिरून काही दिसलं नव्हतं. बारा वाजून गेले, ऊन जमिनीवर नीट उतरलं, आणि वाँडू नावाच्या, निलगिरीच्या जातीतल्या झाडांच्या पांढरट बुंध्यांच्या मध्ये पालापाचोळ्यात काहीतरी हललं. नंबॅट नाक जमिनीला लावून चालला होता. दोन पावलं टाकायचा, थांबायचा, हुंगायचा, आणि पुढच्या पायाने माती भराभर उकरायचा. खड्डा केवढा? आपल्या चहाच्या कपाएवढाही नाही. मग त्यात तोंड घातलं की जीभ इतक्या वेगाने आत-बाहेर व्हायची की डोळ्यांना ती दिसण्यापेक्षा जाणवायचीच जास्त. दहा-अकरा सेंटीमीटरची ती जीभ त्या बारीक बोगद्यांत शिरून वाळवी काढत होती. मिनिट-दोन मिनिटांनी तो मागच्या पायांवर उभा राहून चौफेर बघायचा. वरून एक ससाण्यासारखा पक्षी गेला तसा तो जागीच चपटा झाला. पालापाचोळ्यात पट्टे इतके मिसळून गेले की कुठे पाहत होतो ते मलाच सापडेना. पक्षी दूर गेल्यावर तो उठला आणि पुन्हा उकरायला लागला.

या दृश्यात त्याचं सगळं जगणं आहे, म्हणून ते जरा उलगडून सांगतो.

नंबॅट फक्त वाळवी खातो. मोठ्या नंबॅटला दिवसाला वीस हजारांपर्यंत वाळव्या लागतात. आपल्याकडे खवले मांजर वाळवी खातं, पण त्याच्याकडे वारूळ फोडायला जाड, वाकडी नखं असतात. नंबॅटच्या पायांत तेवढी ताकद नाही. टणक वारूळ त्याला फोडता येत नाही. वाळवी वारुळातून निघून जमिनीलगतच्या उथळ बोगद्यांतून लाकडाकडे जाते, तेव्हा तिथेच तिला गाठावं लागतं. वाळवी वर कधी येते हे मातीच्या उबेवर ठरतं. म्हणून नंबॅटचं घड्याळ वाळवीच्या घड्याळाला बांधलेलं आहे. उन्हाळ्यात सकाळी आणि उतरत्या दुपारी तो बाहेर असतो, भर दुपारी आत. थंडीत नेमकं उलट, ऐन दुपारी बाहेर. तोंडात पन्नासच्या आसपास दात असतात, पण बारीक आणि अर्धवट उगवलेले. चावायला त्यांचा फारसा उपयोग नाही. आणि पाणी? ते प्यावंच लागत नाही म्हटलं तरी चालेल, वाळवीच्या अंगातल्या ओलाव्यावर त्याचं भागतं.

होल्याचं सगळंच वेगळं. तो बी खातो, बहुतेक जमिनीवर पडलेलं. गवताचं, तणाचं, ज्वारीचं, गव्हाचं, कोंबड्यांपुढे टाकलेलं, कसलंही. कोरडं बी खायचं म्हणजे पाणी लागतंच. म्हणून होला पाणवठ्याजवळ, म्हणजे आजच्या काळात माणसाजवळ, राहतो. पाणी पिताना चिमणीसारखी मान वर करत नाही, चोच बुडवून सरळ ओढून घेतो. चटकन प्यायचं आणि उडायचं.

इथे बहुतेक पुस्तकं एक उत्तर देऊन थांबतात: एकाच अन्नावर जगणारे प्राणी नष्ट होतात, मिळेल ते खाणारे टिकतात. माझ्या मते नंबॅटच्या बाबतीत हे उत्तर अपुरं आहे, आणि परीक्षेत गुण देणारं असलं तरी दिशाभूल करणारं आहे. ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या रानात वाळवीला तोटा नाही. नंबॅट उपासमारीने संपत आलेला नाही. उलट वाळवीने त्याला घरही दिलं आहे. वाँडूच्या झाडाचा गाभा वाळवी आणि बुरशी आतून खाऊन टाकतात, बाहेरचं लाकूड दगडासारखं राहतं. फांदी किंवा झाड पडलं की तयार झाला पोकळ ओंडका. नंबॅट त्यात पळतो, त्यात झोपतो. शत्रू मागे आला तर तोंड आत करून आपला मागचा भाग भोकात बुचासारखा बसवतो. तिथली त्याची कातडी जाड असते. अन्न वाळवीचं, घरही वाळवीने कोरलेलं. अशा प्राण्याला काळाच्या मागे पडलेला कोण म्हणेल? आपल्या जागेशी इतका चपखल बसलेला प्राणी मी दुसरा पाहिला नाही.

आता चार-दोनचं गणित.

नंबॅटचा मिलनकाळ डिसेंबर-जानेवारीत असतो. पंधरा दिवसांच्या आत पिल्लं जन्माला येतात, दोन सेंटीमीटरची, वजन एक ग्रॅमही नाही. शिशुधान म्हटलं की आपल्याला कांगारूची पिशवी आठवते, पण नंबॅटच्या मादीला पिशवीच नाही. पोटावर चार सड आणि त्यांच्याभोवती कुरळे केस, एवढंच. चारही पिल्लं सडांना तोंड लावून लटकतात ती जुलै-ऑगस्टपर्यंत. शेवटी शेवटी पोट इतकं जड होतं की तिला नीट चालता येत नाही. मग ती त्यांना बिळात ठेवते. जमिनीखाली मीटर-दोन मीटरचा बोगदा, टोकाला गवत-पाला अंथरलेली खोली. दिवसभर वाळवी शोधायची आणि परत येऊन पाजायचं. बीळ बदलायचं झालं तर पिल्लांना पाठीवर घेऊन जाते. ऑक्टोबरच्या सुमारास पिल्लं स्वतः वाळवी खायला लागतात, नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये पांगतात. जानेवारी ते ऑक्टोबर, म्हणजे वर्षातले नऊ-दहा महिने, एकटी आई चार जिवांचं ओझं वाहते. नर यात नसतोच.

आणि होला? माझ्या घराच्या पाण्याच्या पाइपावर, भिंत आणि छप्पर यांच्या बेचक्यात, एका जोडीने गेल्या वर्षी घरटं केलं होतं. घरटं म्हणण्याइतकंही ते नव्हतं. वीस-पंचवीस काड्या, खालून पाहिलं तर अंडी दिसतील इतक्या विरळ. दोन पांढरी अंडी. दोन आठवडे दोघांनी आळीपाळीने उबवलं, दोन आठवडे दोघांनी भरवलं. होल्याच्या नराच्याही गळ्यातल्या अन्नपुटात कपोतदुग्ध, म्हणजे पिल्लांना भरवायचं दुधासारखं द्रव्य, तयार होतं. ही गोष्ट मला अजूनही नवलाची वाटते, की बापही पाजतो. महिन्याभरात पिल्लं उडाली. दुसऱ्या खेपेला वाऱ्याने घरटं पडलं, अंडी फुटली. दहा दिवसांत तीच जोडी तिथेच नव्या काड्या आणत होती. तिसऱ्या खेपेला कावळ्याने एक पिल्लू नेलं, एक उडालं. हवामान साथ देत असेल तर होला वर्षाच्या कुठल्याही महिन्यात घरटं करतो.

म्हणून चार विरुद्ध दोन अशी तुलना करू नये. वर्षभराची आवक आणि वर्षभराची गळती मांडावी. खालचे आकडे फक्त समजावण्यासाठी मी धरलेले आहेत, मोजलेले नाहीत.

समजा रानात नंबॅटच्या दहा माद्या आहेत. प्रत्येकीला चार, म्हणजे चाळीस पिल्लं, त्यांतल्या वीस माद्या. पाचातली एक मोठी होते असं धरलं तर नव्या चार माद्या मिळाल्या. म्हणजे संख्या दहावर टिकायला जुन्या दहांपैकी सहा जगल्या पाहिजेत. आता रानात एक नवा शिकारी आला आणि ऑक्टोबरच्या आत आणखी दोन आया गेल्या. उरल्या चार. पण तेवढंच नाही. त्या दोघींच्या पोटाला किंवा बिळात असलेली आठ पिल्लंही गेली. आता सोळा मादी-पिल्लांतून मोठ्या होणार तीन. चार आणि तीन, सात. याच प्रमाणात पुढच्या वर्षी पाच. त्याच्या पुढच्या वर्षी तीन. दहा माद्यांच्या वस्तीत वर्षाला फक्त दोन आया जास्त गेल्या आणि तीन वर्षांत वस्ती मोडली.

हाच हिशेब होल्याला लावा. दहा माद्या, वर्षात पाच खेपा, दोन-दोन अंडी, शंभर अंडी, त्यांतल्या पन्नास माद्या. चारातली तीन घरटी कावळ्याने, मांजराने, वाऱ्याने उद्ध्वस्त केली तरी बारा माद्या उडतात. त्यांतल्या निम्म्या मेल्या तरी सहा. जुन्या दहांपैकी निम्म्या मेल्या तरी पाच. अकरा झाल्या! इतका मार खाऊनही एक वाढलीच. होल्याचं जगणंच नुकसान गृहीत धरून बेतलेलं आहे. घरटं इतकं फाटकं का, याचं उत्तरही मला यातच दिसतं. जे दहा दिवसांत पुन्हा बांधायचं आहे त्यावर मेहनत कशाला घालायची?

नंबॅटचं जगणं मोठ्या मादीच्या आयुष्यावर बेतलेलं आहे. ससाणे, गरुड, अजगर, घोरपडी हे त्याचे जुने शत्रू. त्यांच्यासाठी त्याच्याकडे उपाय आहे: सारखं वर-खाली बघत राहायचं, चपटं व्हायचं, ओंडक्यात शिरायचं, बूच बसवायचं. लाखो वर्षं हा हिशेब जुळत होता. मग दोन नवे शिकारी आले.

इथे शब्दाचा घोळ टाळायला हवा. मराठी बातम्यांमध्ये ऑस्ट्रेलियातल्या फॉक्सला सर्रास कोल्हा म्हणतात. आपला कोल्हा वेगळा. फॉक्स म्हणजे खोकड, आणि हे युरोपातलं लाल खोकड. शिकारीच्या हौसेसाठी ते आणलं गेलं. १८७० च्या दशकात व्हिक्टोरियात नीट रुजलं आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत पश्चिम ऑस्ट्रेलियात पोहोचलं. मांजरं त्याच्याही आधी रानात पसरली होती. खोकड हुंगत येतं आणि बीळ उकरतं. ज्या महिन्यांत चार पिल्लं बिळात आणि आई रोज ठराविक वाटेने परत येणारी, त्या महिन्यांत याचा अर्थ काय होतो ते वरच्या हिशेबावरून कळेल. मांजर तर आणखी अवघड. ते दिवसाही शिकार करतं, दबा धरून बसतं, आणि दबा धरणारं जमिनीवरून येतं. आकाशाकडे डोळे लावणाऱ्याला ते दिसायला उशीर होतो.

पूर्वी नंबॅट ऑस्ट्रेलिया खंडाच्या दक्षिणेकडच्या मोठ्या पट्ट्यात होता, पश्चिमेपासून पार न्यू साउथ वेल्सच्या कडेपर्यंत. गोऱ्या लोकांनी तो पहिल्यांदा नोंदवला १८३१ मध्ये. रॉबर्ट डेलच्या तुकडीबरोबर एव्हन खोऱ्यात गेलेल्या जॉर्ज फ्लेचर मूरने आपल्या रोजनिशीत त्याचं चित्र काढलं. १८३६ मध्ये प्राणिशास्त्रज्ञ वॉटरहाउसने त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. अर्थात तिथल्या मूळच्या नूंगार लोकांना तो आधीपासून ठाऊक होता, नंबॅट हे नाव त्यांच्याच भाषेतलं. १९७० चं दशक संपेपर्यंत साऱ्या जगात तो दोनच ठिकाणी उरला: ड्रायँड्रा आणि मंजिमपजवळचं पेरुप.

हीच दोन का? मला हा भाग सगळ्यात मोलाचा वाटतो. एक म्हणजे दोन्हीकडे वाँडूचे पोकळ ओंडके भरपूर. खोकडाला ओंडका उकरता येत नाही. दुसरं, त्या भागात गॅस्ट्रोलोबियम नावाची शेंगावर्गी झुडपं वाढतात. त्यांच्या पानाबियांत फ्लुओरोॲसिटेट नावाचं विष असतं. मेंढ्या ती खाऊन मरायच्या, त्यामुळे अशी रानं चराईला नकोशी होती. तिथल्या मूळच्या प्राण्यांना मात्र पिढ्यान्‌पिढ्या ते विष सोसायची सवय झालेली आहे. ड्रायँड्राच्या बाबतीत आणखी एक योगायोग घडला. कातडी कमावायला लागणारी साल मिळावी म्हणून सरकारने तिथे मॅलेट जातीच्या झाडांची लागवड केली होती. त्या लागवडीसाठी राखलेली जमीन नांगराखाली गेली नाही, आणि तिच्याबरोबर आजूबाजूचं वाँडूचं रान वाचलं.

आणि त्याच विषाने पुढे नंबॅटला हात दिला. १०८० नावाने ओळखलं जाणारं ते रसायन मांसाच्या तुकड्यांत घालून खोकडांसाठी ठेवता येतं. खोकड मरतं, तिथल्या मूळच्या प्राण्यांना त्या मात्रेने सहसा काही होत नाही. १९८० च्या दशकात ड्रायँड्रात हा प्रयोग झाला. नंबॅटवर आयुष्य घालवलेले शास्त्रज्ञ टोनी फ्रेंड त्या कामात होते. खोकडं कमी झाली तसे नंबॅट वाढले. १९९६ पासून ‘वेस्टर्न शील्ड’ या सरकारी कार्यक्रमाखाली हे आमिष लाखो हेक्टर जंगलात विमानातून टाकलं जातं.

गोष्ट इथे संपली असती तर किती बरं झालं असतं. पण १९९० च्या दशकात ड्रायँड्रातले नंबॅट पुन्हा घटायला लागले. खोकडं कमी झाल्यावर मांजरांना मोकळं रान मिळालं, असं आम्हा बहुतेकांचं मत आहे. मांजराला पडलेलं मांस सहसा नको असतं, त्याला हलणारी शिकार हवी असते. त्यामुळे त्याला आमिषाने गाठणं फार अवघड. गेल्या काही वर्षांत मांजरांसाठीही वेगळं आमिष, पिंजरे असं काम वाढलं आणि ड्रायँड्रात नंबॅट पुन्हा जास्त दिसू लागले आहेत. मी सावधपणे आनंदात आहे.

होल्याचं इकडे काय झालं? त्याच्यासाठी कुणी आमिष टाकलं नाही, कुंपण घातलं नाही. गव्हाच्या पट्ट्यात मध्यभागी तर मूळ जंगल दहा टक्क्यांहूनही कमी उरलं आहे. बाकीचं तोडून गहू पेरला. तोडलेल्या झाडांबरोबर पोकळ ओंडके गेले, उरलेले जाळून शेत मोकळं केलं. नंबॅटची घरं अशी गेली. त्याच जमिनीवर धान्य आलं, गावं आली, कोंबड्यांची खुराडी आली, नळ आणि हौद आले. होल्याला हवं ते सगळं आयतं समोर आलं. ज्या नांगराने एकाचं घर मोडलं त्यानेच दुसऱ्याचं ताट वाढलं. होल्याने नंबॅटला हुसकावलं असं मात्र कुणी समजू नये. दोघांचं अन्न वेगळं, निवारा वेगळा, त्यांची एकमेकांशी काहीच स्पर्धा नाही. होला आपल्याकडून आफ्रिकेपर्यंत माणसाच्या खळ्याशेजारी फार जुन्या काळापासून राहत आला आहे. पर्थला त्याला नवीन काही शिकावं लागलं नाही.

पिंजऱ्यात वाढवण्याबद्दल. होला खुराड्यातही अंडी घालेल. नंबॅटला रोज हजारो वाळव्या कुठून आणायच्या? पर्थच्या प्राणिसंग्रहालयाने कृत्रिम लापशी बनवून तिच्यात वाळवी मिसळून हे जमवलं. १९९३ मध्ये तिथे पहिल्यांदा पिल्लं झाली. जगात नंबॅटची अशी पैदास करणारं ते एकमेव प्राणिसंग्रहालय आहे, आणि आजवर तिथून दोनशेहून जास्त नंबॅट रानात सोडले गेलेत. ज्या प्राणिसंग्रहालयातून होला सुटला त्याच्याच आवारात हे काम चालतं. पण सोडायचं कुठे हा खरा प्रश्न आहे. मांजर असलेल्या रानात वर्षाला दहा-वीस नंबॅट सोडणं म्हणजे मघाच्या हिशेबात वरून थोडी पिल्लं ओतणं. गळती तशीच राहते. म्हणून खोकड-मांजरांना आत येता येणार नाही अशी उंच कुंपणं घातलेली राखीव रानं महत्त्वाची ठरली: दक्षिण ऑस्ट्रेलियात युकामरा, न्यू साउथ वेल्समध्ये स्कोशिया, पुढे पश्चिमेत माउंट गिब्सन, आणि २०२० मध्ये पुन्हा न्यू साउथ वेल्समध्ये मॅली क्लिफ्स. कुंपणाआड नंबॅटला खाऊ घालावं लागत नाही, निवारा बांधून द्यावा लागत नाही. फक्त ते दोन शिकारी नसले की तो आपला आपण राहतो. दुबळा प्राणी असा राहिला असता का?

शेवटी प्रबंधाबद्दल, कारण प्रश्नाच्या मागे तो असावा असं वाटतं. दोघांच्या संख्येची तुलना करताना मोजायची पद्धत एक नाही हे लक्षात ठेवा. होला एका जागी उभं राहून, ठराविक मिनिटांत दिसले-ऐकू आले तेवढे लिहून मोजता येतो. तो आवाज करतो, उघड्यावर बसतो. नंबॅट गप्प असतो, आणि एकाला पन्नास हेक्टरच्या आसपास जागा लागते. ड्रायँड्रात आम्ही ठरलेल्या रस्त्यांवरून अगदी हळू गाडी चालवतो आणि शंभर किलोमीटरमागे किती दिसले ते लिहितो. हा आकडा रानातल्या नंबॅटची संख्या नव्हे, वाढ-घट कळायचं माप आहे. त्याच्या जोडीला खड्डे आणि लेंड्या शोधतो. वाळलेली लेंडी बोटांत चुरडली की वाळव्यांच्या बारीक डोक्यांचा चुरा हातावर पडतो, दुसऱ्या कुणाची म्हणून चुकायला नको. दिसण्याचा आकडा आणि संख्या या दोन गोष्टी एकाच तक्त्यात शेजारी मांडल्या तर परीक्षक पहिला प्रश्न त्यावरच विचारतील.

आणि नंबॅट कोल्हापूरला नाही म्हणून अडून बसू नका. होला आहे. तुमच्या महाविद्यालयाच्या आवारातली होल्याची घरटी एक वर्षभर टिपा. प्रत्येक घरट्याला क्रमांक द्या, आठवड्यातून दोनदा जा, अंडी किती, फुटली का, कुणी नेली, किती उडाली, तीच जोडी परत कधी आली, हे तारखेसह लिहा. घरट्याला हात लावू नका, काठीला आरसा बांधून वरून पाहा. वर्षाअखेर गळतीचा खरा आकडा तुमच्या हातात असेल आणि माझे ‘समजा’वाले आकडे खोडता येतील. ती वही मला जरूर दाखवा.